कडेवरच्या पोरासकट शाळा

आजच्या भागात एका लहानशा शाळेचा इतिहास सांगणार आहे. ही सरकारनं काढलेली शाळा नव्हे. एका संस्थेनं, देणग्या गोळा करून आणि मिळेल त्या अनुदानावर चालवलेली ही खाजगी शाळा. आधी बालवाडी निघाली, मग तिला पाळणाघर जोडलं, प्राथमिक शाळा जोडली. डहाणू तालुक्यात, आधी समुद्रकाठच्या बोर्डी गावात आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर. आज गावोगाव आपण ‘अंगणवाडी’ म्हणतो ना, तो शब्द या शाळेच्या कामातून रुजला. त्यामुळे ही गोष्ट जुनी असली तरी परकी नाही.

सुरुवात शाळेपासून नको, शाळेत न गेलेल्या मुलीपासून करू. तुमच्या वाडीवरच्या साठी-सत्तरीतल्या एखाद्या आजीला विचारून बघा, “आजी, शाळा का सुटली?” ती म्हणेल, “गरिबी होती.” जरा थांबून पुन्हा विचारा. मग खरं उत्तर येतं. आई मजुरीला जायची, कडेवर भाऊ असायचा. भाऊ मोठा झाला तोवर बहीण झाली. तिला सांभाळलं. मग माझंच लग्न झालं. गरिबी होतीच, पण शाळेच्या दारात तिला अडवलं ते कडेवरच्या पोरानं. गुरुजी म्हणायचे, पोराला घेऊन वर्गात बसू नकोस, रडतं. आई म्हणायची, पोराला टाकून शाळेत जाऊ नकोस, मरेल. दोघांचंही म्हणणं बरोबर, आणि मुलगी घरी.

ही अडचण सगळ्यांनाच दिसत होती. ती शाळेची अडचण आहे, शाळेनंच ती सोडवायची आहे, असं मात्र फार थोड्यांना वाटलं. ज्यांना वाटलं त्यांतल्या दोघी म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

आधी थोडं मागे जाऊ या, कारण लहान मुलांची शाळा ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. शाळा म्हणजे सहा-सात वर्षांनंतर, पाटी-पेन्सिल, पाढे आणि छडी. त्याआधी मूल घरात, अंगणात, आजीजवळ. इटलीतल्या रोम शहरात १९०७ साली मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी मजुरांच्या वस्तीत एक बालघर सुरू केलं. दिवसभर आईबाप कामाला गेले की मागे जिन्यात-गल्लीत हिंडणारी पोरं त्यांनी गोळा केली. म्हणजे बघा, आज ‘माँटेसरी’ म्हटलं की आपल्याला बूट-मोजे घातलेली, फी भरणारी मुलं आठवतात, पण तिची सुरुवात मजुरांच्या पोरांपासून झाली. तिथे बाईंच्या लक्षात आलं की तीन-चार वर्षांचं मूल हाताने करून शिकतं. त्याला धाक लागत नाही, बक्षीसही लागत नाही. मापाची खुर्ची, हाताळायला साधनं आणि करू देणारं माणूस मिळालं की ते तासभरसुद्धा एका कामात रमतं.

आपल्याकडे हा विचार गुजरातेत भावनगरला रुजला. गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. लोक त्यांना कौतुकानं ‘मूछाळी मा’ म्हणायचे. मूछाळी मा म्हणजे मिशीवाली आई. पुरुषानं पोरं सांभाळावीत, त्यांना गोष्टी सांगाव्यात, त्यांची नाकं पुसावीत, हे तेव्हा नवलच होतं. (आजही थोडं आहेच म्हणा.)

तिथे १९२३च्या सुमारास ताराबाई येऊन मिळाल्या. ताराबाईंचा जन्म १८९२चा. माहेर केळकरांचं, प्रार्थना समाजातलं, मुलींना शिकवणारं. त्या काळात बी.ए. झालेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांतल्या या एक. लग्न होऊन अमरावतीला गेल्या. संसार टिकला नाही. मुलीला घेऊन एकट्या बाहेर पडल्या आणि राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या बाईला एवढ्या मानाची, पगाराची नोकरी म्हणजे केवढा आधार! तो आधार सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात पोरांबरोबर जमिनीवर बसायला गेल्या. लोकांनी नावं ठेवली असतील तर नवल नाही, कारण कॉलेजातून बालवाडीत जाणं म्हणजे पायरी उतरणं, असा हिशेब आपण आजही करतोच. मोठ्या मुलांना शिकवणाऱ्याला मान जास्त आणि लहानांना शिकवणारीला मानधन.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाईंनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला. मासिकं निघाली, शिक्षिकांचे वर्ग निघाले, १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाला. काम वाढत होतं. पण वाढत होतं ते शहरात आणि बहुतेक पांढरपेशा घरांत. साधनं बघा ना: लाकडाच्या दट्ट्यापेट्या, एकावर एक रचायचे ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरं. सगळं सुताराकडून नेमक्या मापात करून घ्यायचं, म्हणजे महाग. खेड्यातल्या शाळेला खडू मिळायची मारामार, तिथे हा संच कोण घेणार? मजुरांच्या पोरांसाठी निघालेली पद्धत फिरत फिरत श्रीमंतांच्या घरी जाऊन बसली होती. ताराबाईंना हे बोचत होतं. गिजुभाई १९३९ साली गेले. त्यानंतर संघाचा भार ताराबाईंवर होता आणि खेड्यात जायचं राहून गेलं होतं.

आता दुसरी बाई. अनुताई वाघ. जन्म १९१०. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य काय असे ते आपल्या आज्या-पणज्यांकडून ऐकलेलं आहे: स्वयंपाकघराचा कोपरा आणि दुसऱ्यांची बाळंतपणं. अनुताईंना शिकायला मिळालं. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली, पुण्याला शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं, नाशिक जिल्ह्यात नोकरी केली, मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागल्या. नोकरी करता करता मॅट्रिक झाल्या. सुरळीत नोकरी होती, तशीच निवृत्तीपर्यंत चालली असती.

१९४४ साली कस्तुरबा गांधी कैदेत वारल्या. त्यांच्या नावानं देशभर निधी जमला आणि तो खेड्यातल्या बाया-मुलांसाठी वापरायचं ठरलं. त्यासाठी कामं करणाऱ्या स्त्रिया तयार करायच्या म्हणून १९४५ साली मुंबईजवळ बोरिवलीला शिबिर झालं. अनुताई त्या शिबिराला गेल्या. तिथे ताराबाई भेटल्या. ताराबाईंना बोर्डीला खेड्यातलं बालशिक्षण सुरू करायचं होतं आणि त्यासाठी त्या जोडीदारीण शोधत होत्या. अनुताईंनी पुण्याची नोकरी सोडली. तेव्हा ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि अनुताई पस्तिशीच्या. १९४५च्या डिसेंबरात बोर्डीला ‘ग्राम बाल शिक्षा केंद्र’ सुरू झालं.

इथे जरा थांबूया, कारण ते वर्ष आणि तो मुलूख, दोन्ही लक्षात घ्यायला हवेत.

बोर्डी हे डहाणूच्या उत्तरेला, गुजरातच्या सीमेजवळचं किनाऱ्याचं गाव. नारळ, चिकूच्या वाड्या, मोकळा समुद्र. आज लोक तिथे सहलीला जातात. तेव्हा त्या वाड्यांच्या मागच्या डोंगरात वारल्यांचे पाडे होते आणि त्या पाड्यांवर माणसं जवळजवळ गुलामीत जगत होती. जमीन सावकार-जमीनदाराची. तिच्यावर वेठीनं, म्हणजे फुकट, राबायचं. लग्नासाठी पैसे उसने घेतले की तो गडी सावकाराचा, आणि त्याची बायकोही. याला ‘लग्नगडी’ म्हणत. एकदा लग्नगडी झाला की कर्ज फिटत नसे, कारण हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही वारल्याला वाचता येत नसे.

१९४५च्या मे महिन्यात याच भागात, झरी गावी, वारल्यांची मोठी सभा झाली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम करत होते. फुकट राबणार नाही, असं त्या सभेत ठरलं आणि वारली खरोखर राबायचे थांबले. पावसाळ्यानंतर गवतकापणीचा हंगाम आला. त्या डोंगरातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं आणि त्यात व्यापाऱ्यांना चांगला पैसा होता. वारल्यांनी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागितली आणि संप केला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात पाच आदिवासी ठार झाले. गोदावरीबाईंनी हे सगळं पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं आहे.

म्हणजे तलवाड्याच्या गोळीबारानंतर दोन-अडीच महिन्यांत, त्याच तालुक्याच्या परिसरात, दोन शहरी बायका लहान मुलांची शाळा काढायला आल्या. शाळेच्या इतिहासात हा भाग बहुधा सांगत नाहीत. बालवाडीची गोष्ट गोड करून सांगायची सवय आहे आपल्याला. पण ज्या पोरांना त्या बोलवायला जाणार होत्या, त्या पोरांचे आईबाप कुठल्या वर्षातून जात होते हे कळल्याशिवाय पोरं शाळेत का येत नव्हती ते कळणार नाही. शाळेनं सावकारी मोडली नाही. ती लढून मोडावी लागली. शाळेनं दुसरं एक काम केलं आणि ते काय ते आता बघू.

बोर्डीला आधी नेहमीसारखी बालवाडी काढली. जागा घेतली, साधनं मांडली, वेळ ठरवली. शेजारपाजारची बऱ्या घरातली मुलं येऊ लागली. हरिजन वस्तीतली, वारल्यांची येईनात. बोलावून आणली तर दुसऱ्या दिवशी गैरहजर. आता एखादा मास्तर म्हणाला असता, “यांना शिक्षणाची किंमतच नाही.” हे वाक्य आपणही कितीदा ऐकलंय! या दोघींनी ते वाक्य म्हटलं नाही. त्या उठून वस्तीत गेल्या.

वस्तीत गेल्यावर काय दिसलं? पोरं होती, अंगण होतं, सावली होती. मग बालवाडी अंगणातच भरवली. बाई पिशवी घेऊन यायची. आधी अंगण झाडायचं, मग पोरांची तोंडं धुवायची, नखं काढायची, केस विंचरायचे. मग गाणं, गोष्ट, खेळ. आया-आज्या दारात उभ्या राहून बघायच्या. दाराशी चाललेलं असल्यामुळे पोराला ‘पाठवायचा’ प्रश्नच नव्हता. गावातली एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीवस्तीतल्या या अंगणातल्या बालवाड्या, अशा दोन तऱ्हा झाल्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. नाव असं साधं, कामातून आलेलं.

आणि साधनं? समुद्रकाठी शंख-शिंपल्यांना काय तोटा! लहान-मोठे शिंपले लावायचे, बिया मोजायच्या, पानांचे आकार जुळवायचे, दगड हलका की जड ते हातात घेऊन बघायचं, मातीची भांडी करायची, बांबूच्या नळ्या उतरत्या क्रमानं लावायच्या. दट्ट्यापेटीनं जे शिकतं तेच मूल यानंही शिकतं: लहान-मोठं, जाड-बारीक, कमी-जास्त. माझ्या मते अख्ख्या गोष्टीतली सर्वांत हुशारीची जागा हीच. माँटेसरीबाईंच्या पेटीत काय आहे ते त्यांनी नकललं नाही. पेटी कशासाठी आहे ते ओळखलं, आणि तेच काम फुकटच्या वस्तूंकडून करून घेतलं. अनुताईंनी पुढे ‘बालवाडी कशी चालवावी’ हे पुस्तक लिहिलं ते याच अनुभवातून, बाजारहाट न करता बालवाडी उभी करणाऱ्या बाईसाठी.

बोर्डीला दहा-बारा वर्षं काम झाल्यावर १९५७च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. किनारा सोडून आत, वारली पाड्यांच्या मध्ये. बोर्डीच्या वस्त्या गावाला लागून तरी होत्या. इथे पाडे लांब लांब विखुरलेले, घरं कुडाची, पोटाला नाचणी-वरई आणि जंगलातला कंदमुळं-भाजीपाला. घरची बोली वारली, पुस्तकातली मराठी पोरांना निम्मी परकी. इथे अंगणवाडीची युक्तीही पुरेना. तीन ते सहा वर्षांची पोरं जमत. सहाच्या पुढची पोरं मात्र कामाला लागलेली असत.

मुलगे गुरांमागे. सकाळी गुरं सोडली की संध्याकाळी परत. मुलगी धाकट्याला घेऊन घरी, किंवा पाणी आणायला, किंवा आईबरोबर कामावर. शाळेची घंटा दहाची. दहाला पाड्यावर पोर सापडायचं नाही.

मग शाळेनं काय करावं? गुराख्यांसाठी निघाली ‘कुरणशाळा’. गुरं जिथे चरतात तिथे बाई-गुरुजींनी जायचं. झाडाखाली बसायचं, गुरांवर एक डोळा ठेवून गोष्ट ऐकायची, खड्यांनी हिशेब करायचा, जमिनीवर अक्षरं काढायची. गाय शेतात शिरली की पळत जाऊन वळवून आणायची आणि परत येऊन बसायचं. दिवसा ज्यांना तेवढंही जमत नव्हतं त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग. शाळेचा वेळ पोरांच्या कामाच्या वेळेला बांधला. आपल्याकडे तेव्हा उलटंच असे, आणि आजही पुष्कळ ठिकाणी उलटंच आहे. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं पोर सहा महिने कारखान्याच्या तळावर असतं, आणि त्याचं नाव गावच्या पटावर.

मुलींचा प्रश्न मात्र कुरणात जाऊन सुटणारा नव्हता. मुलीच्या कडेवर मूल होतं. तेव्हा ताराबाईंनी जी मांडणी केली तिला नाव दिलं ‘विकासवाडी’. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. बहिणीनं सकाळी धाकट्याला कडेवर घेऊन यायचं. त्याला पाळणाघरात द्यायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण पाटी घेऊन वर्गात बसायचं. भाऊ रडला तर उठून बघून यायची मुभा. संध्याकाळी तिघांनी मिळून घरी.

ऐकायला किती साधं! तुम्ही म्हणाल, यात काय मोठं शास्त्र? पण बघा हं. तोवर पाळणाघर म्हणजे आईची सोय, बालवाडी म्हणजे लहान मुलाचं शिक्षण आणि शाळा म्हणजे मोठ्या मुलाचं शिक्षण, असे तीन वेगळे कप्पे होते. तिन्हींची माणसं वेगळी, पैसे देणारी खाती वेगळी. घरात मात्र हे तिघं वेगळे नसतात. आईचं काम, मुलीची शाळा आणि बाळाचं दूध, हे एकाच दोरीत ओवलेलं असतं. एक ओढलं की दुसरं हलतं. बाळाला पाळणा मिळाला म्हणून त्याची बहीण वर्गात बसली. बहिणीला शाळा मिळाली म्हणून बाळ वेळच्या वेळी धुतलेलं, खाल्लेलं राहिलं. घर चालवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. शाळा चालवणाऱ्यांना मात्र ते कुणीतरी सांगावं लागलं.

आणखी एक गोष्ट घडली. वर्गाच्या शेजारीच पाळणाघर असल्यामुळे मोठ्या मुली तिथे हात लावायच्या आणि बाळाला कसं स्वच्छ ठेवायचं, काय भरवायचं हे त्यांना करता करता कळायचं. जे काम तिला शाळेपासून तोडत होतं तेच काम तिच्या शिकण्यात धरलं गेलं. पुढे कोसबाडला बालसेविकांचं प्रशिक्षण चालू झालं.

आता या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका टेकडीवरचा हा संसार दोन असामान्य बायकांच्या जिवावर चालला. त्यांना ना संसाराचा पाश, ना घड्याळाचा हिशेब. अशा माणसांच्या बळावर एक शाळा उभी राहते, हजार गावं उभी राहत नाहीत. दुसरं असं की त्यांच्या गौरवाच्या भाषणांत आपण त्यांना ‘त्यागमूर्ती’ म्हणून मोकळे होतो. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंनाही पुढे पद्मश्री मिळाली. हार-तुरे योग्यच. पण त्याग म्हटलं की पुढे काही करायला उरत नाही, कारण त्याग सगळ्यांना जमत नसतो. त्या दोघींनी जे केलं त्यातलं निम्मं काम त्यागाचं, निम्मं निरीक्षणाचं होतं. पोर का येत नाही ते जाऊन पाहायचं आणि त्याप्रमाणे शाळा बदलायची. हे निरीक्षण पगारी शिक्षिकेलाही जमू शकतं, फक्त तिला तशी मोकळीक द्यावी लागते. शाळा खाजगी आणि लहान होती याचा फायदा इथेच झाला. वेळ बदलायला वरून परिपत्रक यायची वाट पाहावी लागली नाही.

१९७३ साली ताराबाई गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशात सुरुवातीला ३३ ठिकाणी. त्या योजनेच्या केंद्राचं नाव झालं अंगणवाडी. आज देशात अशा तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या अंगणातला शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत गेला. शब्दाबरोबर पुष्कळ काही गेलं: वस्तीत केंद्र, गावातलीच बाई, आहार, लसीकरण, गाणी-गोष्टी. अंगणवाडी सेविका हे लाखो बायकांचं काम झालं, जरी त्या कामाला अजून पगार न म्हणता मानधन म्हणतात.

पण विकासवाडीतली दोरी तेवढी तुटली. अंगणवाडीत बसतं ते तीन ते सहा वर्षांचं मूल. तीनच्या आतल्याला घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होतं, लस मिळते, पण दिवसभर सांभाळायला तिथे कुणी नसतं. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे, अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे. दोघींच्या वेळा वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या, अनेक गावांत जागाही वेगळ्या. दीड वर्षाचं पोर पुन्हा कुणाच्या तरी कडेवर आलं. आजी असेल तर आजीच्या. आजी नसेल तर नऊ-दहा वर्षांच्या बहिणीच्या.

कायद्याच्या कागदावर ही अडचण अधूनमधून उगवते. २००५च्या रोजगार हमीच्या कायद्यात असं घातलं गेलं की कामावरच्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांतल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. वाचायला किती छान! किती कामांवर हे पाहिलंत, ते तुम्हीच आठवा. अलीकडे अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची ‘पाळणा’ योजनाही आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं, २०२० सालच्या, तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा एकच टप्पा धरला आहे, म्हणजे बालवाडी आणि पहिली-दुसरी एकत्र. कोसबाडच्या टेकडीवर हे दोन्ही विचार एका आवारात नांदत होते, साठेक वर्षांपूर्वी.

मधल्या काळात गावागावांत दुसऱ्या तऱ्हेच्या छोट्या खाजगी शाळा आल्या. तुम्हाला माहीतच आहेत: दोन खोल्या, रंगवलेली भिंत, टाय, व्हॅन, इंग्रजी नाव. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात, आणि त्यामागची ओढ मी कधी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या वाट्याला जे आलं नाही ते पोराला मिळावं, इतकीच ती ओढ आहे. त्यांतल्या काही शाळा चांगल्या आहेत. पण तीन वर्षांच्या मुलाला रेघेत ए-बी-सी-डी लिहायला लावणारी, न लिहिल्यास रट्टा देणारी शाळा गावात असेल, तर ती कितीही चकचकीत असो, गिजुभाईंच्या आधीच्या काळातली आहे. एवढ्या लहान पोराचे बोटांचे स्नायू पेन्सिल धरायला तयार झालेले नसतात. त्याआधी त्याला माती मळावी लागते, बिया वेचाव्या लागतात, दाणे निवडावे लागतात. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीकडे बघू नका, पोरांच्या हातांकडे बघा. हातात काही आहे का? पोरं बोलतात का, घरच्या बोलीत बोललेलं चालतं का? बाई खाली बसलेली आहे की टेबलामागे? आणि पोर तुम्हाला बघून रडत धावत आलं की तुम्हाला बघूनही खेळत राहिलं?

ताराबाईंच्या मागे अनुताई कोसबाडलाच राहिल्या. १९९२ साली त्या गेल्या. तोवर त्यांनी टेकडीवर आणि आसपास कामं वाढवत नेली. १९८२ साली रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ‘ग्राममंगल’ ही संस्था सुरू केली, तीही डहाणूच्याच आदिवासी भागात, पाड्यावरच्या मुलांच्या शिक्षणासाठी. त्यांच्या आठवणींचं पुस्तक ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ ग्रंथालयात मागितलं तर मिळेल. गटाच्या बैठकीत एकीनं वाचावं आणि बाकीच्यांनी भाजी निवडत ऐकावं, असं आहे.

आणि एक गोष्ट राहिली. कोसबाडला असताना, दिवसभर पाडे हिंडायचे, पोरांना आंघोळी घालायच्या, शिक्षिकांना शिकवायचं, हे सगळं चालू असताना अनुताईंनी स्वतःचा अभ्यास पुन्हा काढला. कंदिलाच्या काळातली गोष्ट ही. १९६१ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बी.ए. झाल्या. तेराव्या वर्षी जिचं शिकणं संपलं असं सगळ्यांनी धरलं होतं, तीच ही बाई.